चहाची किटली: कुणी धरायची आणि कशी घडवायची?

चहा ओतण्याच्या भांड्याला मराठीत दोन नावे आहेत, चहादाणी आणि किटली. चहादाणी म्हटले की ट्रेमध्ये दूध-साखरेच्या भांड्यांशेजारी ठेवलेली चिनी मातीची नक्षीदार वस्तू डोळ्यांसमोर येते. किटली म्हटले की टपरीवरची, पोचे पडलेली, बुडाला काळी झालेली. चहादाणीत पत्ती मुरते. किटलीत आधीच उकळून गाळलेला चहा भरतात. आपल्या विहारात, वर्षावासाच्या प्रवचनानंतर, जयंतीच्या नियोजन बैठकीत आणि बचत गटाच्या मीटिंगमध्ये हातोहात फिरते ती किटलीच. म्हणून हा लेख मुख्यतः किटलीचा आहे.

किटलीवर एवढे लिहिण्यासारखे काय आहे, असा प्रश्न पडेल. चांगल्या किटलीने चहाची चव राखावी, हात भाजू नये, थेंब सांडू नये, हे तर झालेच. पण आपल्या देशात चहाच्या भांड्याला आणखी एक काम दिले गेले होते: माणसामाणसात अंतर ठेवण्याचे. ते काम भांड्याकडून कसे काढून घेतले गेले, याची एक ठळक गोष्ट कोल्हापूरच्या रस्त्यावर घडली आहे.

भाऊसिंगजी रोडवरचे हॉटेल

गंगाराम कांबळे हे राजर्षी शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना तिथल्याच संतराम नावाच्या सवर्ण नोकराने आणि त्याच्या साथीदारांनी बेदम मारले. महाराजांच्या कानावर हे गेले तेव्हा त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगाराम यांना नोकरीतून मोकळे करून, पैसे देऊन, स्वतःचा धंदा काढायला सांगितले. गंगाराम यांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचे हॉटेल काढले. नाव ठेवले ‘सत्यसुधारक’.

हॉटेल स्वच्छ होते, चहा चांगला होता, पण गिऱ्हाईक फिरकेना. महाराच्या हातचा चहा कोण पिणार? ही गोष्ट कळल्यावर शाहू महाराजांनी आपला खडखडा, म्हणजे त्यांची ती प्रसिद्ध घोडागाडी, हॉटेलसमोर उभी करायला लावली आणि भर रस्त्यात चहा मागवला. स्वतः प्यायले आणि सोबतच्या मंडळींनाही पाजला. राजाने घेतलेल्या कपाला नाही म्हणायची दरबाऱ्यांची छाती नव्हती. नंतर इतरही येऊ लागले.

ही गोष्ट आपल्याकडे बहुतेक वेळा महाराजांच्या मोठेपणाची म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेच. पण माझ्या मते तिच्यातली खरी अवघड जागा गंगाराम यांची आहे. महाराज येऊन चहा पिऊन गेले. गंगाराम मात्र रोज सकाळी चूल पेटवून, कप विसळून, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत त्याच रस्त्यावर बसत होते. आणि बदल नेमका कुठे झाला तेही बघा. अस्पृश्याला सवर्णाच्या हॉटेलात चहा मिळाला, असे इथे घडलेले नाही. अस्पृश्याच्या हातात चहाचे भांडे आले आणि सवर्णाने कप पुढे केला. पिणाऱ्याची जागा मिळवणे आणि ओतणाऱ्याची जागा मिळवणे यांत फरक आहे. जातिव्यवस्थेला दुसरे जास्त झोंबते.

हे सारे एकट्या मनाच्या लहरीतून झालेले नव्हते. १९१९ मध्ये करवीर संस्थानात सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, दवाखाने, शाळा अशा ठिकाणी अस्पृश्यता पाळू नये, असे हुकूम निघाले. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी माणगावची परिषद झाली आणि तिथे महाराजांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना बहिष्कृत समाजाचे नेते म्हणून पुढे केले. ६ मे १९२२ रोजी महाराजांचे निधन झाले. त्यांच्या पहिल्या स्मारकांपैकी एक कोल्हापुरात १९२५ मध्ये उभे राहिले, ते याच गंगाराम कांबळे यांच्या पुढाकाराने. जाता जाता एक नोंद: पन्हाळ्यावर चहाची लागवड करून बघणारे राजेही शाहूच होते.

भांड्याची रचना आणि विटाळाची रचना

वेगळी कपबशी ही सुद्धा एक ‘रचना’च होती, हे आपण सहसा लक्षात घेत नाही. वळचणीला किंवा भिंतीतल्या खुंटीला अडकवलेला, कान तुटलेला कप. तो गिऱ्हाइकानेच उचलायचा, पुढे धरायचा, पिऊन झाल्यावर विसळून परत जागेवर ठेवायचा. हॉटेलवाला वरून धार सोडणार. कपाला किटलीची तोटी लागणार नाही एवढी उंची राखणार. लांब तोटीची किटली यासाठी घडवली गेली नव्हती, पण तिचा असा उपयोग मात्र पुरेपूर झाला. न शिवता ओतता येणे हा तिचा गुण, आणि तोच तिचा दोष.

पाण्याचेही तेच होते. लहानपणी शाळेत नळाला हात लावायची परवानगी नसल्याने, कुणी शिपाई नळ सोडेल तेव्हाच पाणी मिळायचे, ही बाबासाहेबांची आठवण आपण सगळ्यांनी वाचलेली आहे. नळ, घागर, पोहरा, किटली या सगळ्यांत प्रश्न एकच असतो: मूठ कुणाच्या हातात? शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त गावातल्या हॉटेलातल्या वेगळ्या कपबशीचा प्रसंग येतो. ते पुस्तक १९८४ चे, म्हणजे संविधान लागू होऊन तीन दशके उलटून गेल्यानंतरचे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ११ राज्यांतल्या ५६५ गावांच्या पाहणीतही चहाच्या दुकानातली वेगळी भांडी हा अस्पृश्यतेचा चालू प्रकार म्हणून नोंदवला गेला.

कार्यकर्त्यांनी कायद्यातला शब्द पाठ ठेवावा. संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता संपवली आणि अनुच्छेद १५(२) ने दुकाने, उपाहारगृहे खुली केली, हे सर्वांना माहीत असते. त्यापुढचे कमी जणांना माहीत असते. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ४ मध्ये सार्वजनिक उपाहारगृहातली ‘भांडी’ वापरण्याचा हक्क स्वतंत्रपणे लिहिलेला आहे आणि तो नाकारल्यास एक ते सहा महिने कैद आणि दंड आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने हीच गोष्ट, म्हणजे सार्वजनिक ठिकाणची सार्वजनिक वापराची भांडी वापरू न देणे, अत्याचार म्हणून आली. तिथे शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत जाते. तक्रार लिहिताना ‘अपमान केला’ एवढेच लिहू नये. कप कुठे ठेवला होता, कुणी उचलला, कुणी धुतला, बाकीच्यांना कोणत्या कपात दिला, हे एकेक लिहावे. भांडे हाच पुरावा असतो.

बुद्धाच्या वाटेवरची भांडी

बौद्ध परंपरेत भांड्याचा विचार फार आधीपासून आहे. विनयातल्या चुल्लवग्गात पिंडोल भारद्वाजाची कथा येते. चंदनाचे मौल्यवान पात्र मिळवण्यासाठी त्याने ऋद्धीचे प्रदर्शन केले. तथागतांनी ते पात्र फोडायला लावले आणि भिक्खूंना दोनच प्रकारची पात्रे घालून दिली, लोखंडाचे आणि मातीचे. सोने, चांदी, लाकूड सगळे बाद. भांड्याने मालकाची ऐपत मिरवू नये, असा तो नियम. शिवाय त्या पात्रात कोणत्याही घरची भिक्षा पडते आणि एकत्र होते. आनंदाने चांडाळ कन्या प्रकृतीकडे पाणी मागितले, ती कथा बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये घेतली आहे. तिथेही पाणी ओतणारा हात कुणाचा, यावरच सगळे अडलेले असते.

बुद्धाच्या काळी मध्यदेशात चहा नव्हता. बोधिधर्माने झोप येऊ नये म्हणून पापण्या कापून टाकल्या आणि त्यातून चहाचे झुडूप उगवले, ही दंतकथा भाषणात सांगायला बरी वाटते, पण आपण ती दंतकथा म्हणूनच सांगावी. इतिहास असा, की चीन आणि जपानमध्ये ध्यानात जाग राहावी म्हणून विहारांनी चहा जवळ केला. एइसाई या जपानी भिक्खूने ११९१ मध्ये चीनमधून परतताना चहाचे बी आणले आणि १२११ मध्ये चहावर पुस्तक लिहिले.

तोटी असलेल्या चहादाणीचा जन्म त्या मानाने अलीकडचा. चीनमध्ये आधी चहाच्या वड्या दळून, पूड वाडग्यात घुसळून पीत. १३९१ मध्ये मिंग सम्राटाने नजराण्यात अशा वड्या घेणे बंद केले, सुटी पाने मुरवून पिण्याची पद्धत वाढली आणि मुरवायला भांडे लागले. यीशिंग गावच्या जांभळट मातीच्या चहादाण्या तेव्हापासून नावाजल्या. पहिला कारागीर म्हणून परंपरा गोंग चुनचे नाव घेते. तो होता एका अधिकाऱ्याचा घरगडी. मालक विहारात मुक्कामाला असताना तिथल्या भिक्खूचे मातीकाम बघून तो शिकला, असे सांगतात. चहादाणीचे श्रेय एका नोकराला आणि एका भिक्खूला देणारी ही परंपरा मला आवडते.

जपानमध्ये सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) याने चहाच्या खोलीला इतके बुटके दार ठेवले, की सामुराईलाही तलवार बाहेर ठेवून, वाकून, गुडघ्यांवर सरकतच आत यावे लागे. रचनेतून समता आणण्याचा हा सरळ प्रयत्न. मात्र त्याच जपानमध्ये कातडी कमावणाऱ्या आणि मेलेली जनावरे ओढणाऱ्या लोकांना समाजाबाहेर ठेवलेले होते, त्यांच्यासाठी ते बुटके दारही उघडले नाही. झेनच्या चहावर लिहिताना आपल्याकडची मंडळी हे विसरतात.

मला गंगाराम कांबळे यांच्या जवळचा वाटतो तो बाइसाओ. नावाचा अर्थच ‘म्हातारा चहावाला’. हा झेन भिक्खू (१६७५–१७६३) विहारातली जागा सोडून क्योतोला आला आणि वयाच्या साठीत, १७३५ मध्ये, रस्त्यावर चहा विकू लागला. दानावर जगण्यापेक्षा हे बरे, असे त्याचे मत. किंमत गिऱ्हाइकाने ठरवायची, नसेल तर फुकट प्यायचा. १७५५ मध्ये त्याने आपली चहाची बरीचशी भांडी स्वतःच जाळून टाकली. आपल्यामागे ती कुणाच्या संग्रहातली मौल्यवान वस्तू होऊन बसू नयेत म्हणून.

आपल्या चहाला कशी किटली लागते?

आता प्रत्यक्ष रचनेकडे. परदेशी चहादाणीची नक्कल आपल्या चहाला चालत नाही, कारण आपला चहा भांड्यात मुरत नाही, पातेल्यात उकळतो. आसाममध्ये १९३० च्या सुमारास पाने चिरडून, फाडून, वळवून बारीक दाणेदार पत्ती करण्याचे यंत्र आले. ती पत्ती भराभर रंग सोडते, दूध-साखर-आले पेलते. पातेल्यातून गाळून किटलीत आला की चहा तयार झालेला असतो. किटलीने फक्त तीन कामे करायची: गरम ठेवणे, नीट ओतणे, आणि स्वच्छ होणे. तिसरे काम सगळ्यात दुर्लक्षित आहे.

स्वच्छतेपासूनच सुरुवात करू. दुधाचा चहा थंड होताना साय धरतो. चहादाणीच्या तोटीच्या मुळाशी पाने अडवायला जी बारीक भोके असतात, त्यात ही साय अडकते आणि दोन दिवसांत आंबूस वास सुटतो. आपल्या किटलीला ती भोके नकोतच. तोटी आखूड आणि सरळ हवी, बाटली धुण्याचा ब्रश आरपार जाईल अशी. हंसाच्या मानेसारखी वळणदार तोटी दिसते छान, पण आतून कधी कुणी धुतलेली नसते. तोंड एवढे रुंद हवे, की हात मनगटापर्यंत आत जाईल. साधारण दहा सेंटिमीटर.

ओतण्याचे शास्त्र गमतीचे आहे. हळू ओतले की धार तोटीच्या ओठाला चिकटून खालच्या अंगाने ओघळते आणि सतरंजीवर डाग पडतो. १९५६ मध्ये मार्कुस रायनर या शास्त्रज्ञाने याला चहादाणीचेच नाव दिले. पुढच्याच वर्षी जोसेफ केलर यांनी कारण दाखवले: ओठावरून वळताना द्रवातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि हवाच त्याला तोटीकडे ढकलते. न गळणाऱ्या तोटीच्या गणितासाठी केलर आणि त्यांच्या सहकाऱ्याला १९९९ मध्ये इग नोबेल हा गमतीचा पुरस्कारही मिळाला. उपाय मात्र सोपा आहे. तोटीचा ओठ पातळ आणि धारदार असावा, किंचित खाली वळलेला. जाड, गोल कडेची तोटी हमखास गळते. तोटी मुळाशी रुंद आणि तोंडाशी निमुळती असली की धार एकसंध पडते. तिचे तोंड किटलीच्या काठाच्या उंचीला हवे. खाली असेल तर किटली पूर्ण भरण्याआधीच चहा तोटीतून बाहेर येतो. मूळ बुडापासून थोडे वर असावे, म्हणजे खाली बसलेले आल्याचे कण कपात येत नाहीत. झाकणाला बारीक भोक लागते, नाहीतर आत हवा जात नाही आणि चहा गचके देत पडतो. झाकण बिजागरीचे किंवा साखळीचे असावे, म्हणजे शेवटचे कप ओतताना ते एका हाताने दाबून धरावे लागत नाही.

गरम राहण्यासाठी गोलसर आकार बरा, कारण तेवढ्याच चहाला त्याचा पृष्ठभाग कमी असतो. जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची किटली स्वस्त आणि हलकी, पण ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा दहापटीहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते, त्यामुळे मूठही तापते. पितळेला वेळच्या वेळी कल्हई लागते आणि कल्हईवाले आता शोधावे लागतात. विहारासाठी स्टील बरे. झाकण लावलेले असले की निम्मे काम होते. फार कढत चहा हीही फुशारकी नव्हे. ६५ अंशांपेक्षा जास्त गरम पेय नेहमी पिणे हे अन्ननलिकेच्या कर्करोगाचे संभाव्य कारण असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ मध्ये जाहीर केले आहे. बशीत ओतून पिणारी आपली आजी-आजोबांची पिढी या बाबतीत शहाणी होती.

आता वजनाचा मुद्दा. तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पाच लिटरची भरलेली किटली सहा किलोच्या आसपास जाते. वर कडी असलेली अशी किटली वाकवायला दुसरा हात बुडाला लावावा लागतो, तिथे पदराचे किंवा ओढणीचे टोक धरले जाते आणि बोटे भाजतात. कार्यक्रमात हे काम करणाऱ्या बहुतेक महिला असतात. वक्ते समतेवर बोलत असतात आणि उपासिका ओळीत वाकून सहा किलो वजन एका मनगटावर तोलत असतात. पाचऐवजी अडीच लिटरच्या किटल्या घ्या. ८० मिलिलिटरचे ३० कप तिच्यातून निघतात. उचलायला वर कडी आणि वाकवायला मागच्या बाजूला खालच्या अंगाला दुसरी मूठ, मुठीवर लाकूड किंवा उष्णता न वाहणारे वेष्टण. अशी किटली दहावीतला मुलगा आणि साठीतल्या मावशी दोघेही चालवू शकतात. मग ‘हे बायकांचे काम’ म्हणायला निमित्त उरत नाही. दीडशे माणसांसाठी पाच जणांनी पाच किटल्या घेऊन फिरावे. त्यात त्या दिवसाचे पाहुणेही असावेत.

कागदी कपाचे काय?

कागदी कप आला आणि वेगळ्या कपबशीचा प्रश्न दिसेनासा झाला, असे काही जण म्हणतात. दिसेनासा झाला हे खरे. पिऊन फेकायचा कप कुणाचाच नसतो, त्यामुळे कुणाचा उष्टा कप कोण धुणार हा प्रश्नच उद्भवत नाही. पण घरी आलेल्याला स्टीलच्या कपात आणि विशिष्ट माणसाला मुद्दाम कागदी कपात चहा दिला जातो, तेव्हा जुनी खुंटी नव्या रूपात परत आलेली असते. ‘स्वच्छतेसाठी’ हे उत्तर तयार असते. शिवाय हा कप पूर्ण कागदाचा नसतोच. आत प्लास्टिकचा पातळ थर असतो. आयआयटी खरगपूरच्या २०२० मधल्या अभ्यासात अशा कपात १०० मिलिलिटर गरम पाणी पंधरा मिनिटे ठेवल्यावर सुमारे २५ हजार सूक्ष्म प्लास्टिक कण त्यात उतरलेले आढळले. आणि कार्यक्रमानंतर साचलेला कपांचा ढीग उचलायला सकाळी जे सफाई कामगार येतात, ते कोणत्या वस्तीतले असतात हे आपल्याला सांगावे लागत नाही.

विहाराने स्टीलचे किंवा चिनी मातीचे शंभर-दीडशे कप एकदाच घ्यावेत. सगळे एकसारखे, पाहुण्यांसाठी वेगळा सोनेरी काठाचा संच नको. धुण्याची पाळी लावून फळ्यावर नावे लिहावीत, त्यात अध्यक्ष आणि सचिव यांचीही.

किटली घेताना दुकानात पाणी भरून बघा. काठोकाठ भरल्यावर तोटीतून पाणी येते का, अगदी हळू ओतताना थेंब बुडाकडे ओघळतो का, पूर्ण तिरकी केल्यावर झाकण पडते का, आणि भरलेली किटली एका हाताने छातीच्या उंचीवर दहा आकडे मोजेपर्यंत धरता येते का. दुकानदार वैतागेल, पण करा. जुन्या किटलीची तोटी गळत असेल तर ती टाकू नका. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात यंत्राचे भाग घडवणारी माणसे आहेत; तोटीचा ओठ घासून पातळ करणे आणि मागे एक मूठ बसवणे हे त्यांच्यासाठी थोड्या वेळाचे काम आहे. जाताना ब्रशची जाडी मोजून न्या.